इरॉसचा जीर्णोद्धार आणि आमची टॉकीज

वाचकहो, देवळाचा जीर्णोद्धार आपल्याला नवा नाही. वर्गणी जमते, कळस चढतो, गावजेवण होते. पण सिनेमाच्या थिएटरचा जीर्णोद्धार म्हटला, की आमच्या नांदेड-लातूरकडचा माणूस गालातल्या गालात हसतो. टॉकीज जुनी झाली की तिथे गाळे निघायचे, हाच आमचा अनुभव! म्हणूनच मुंबईच्या 'इरॉस'ची हकीकत आपल्या कानांवर घालावीशी वाटते.

चर्चगेट स्टेशनसमोरचे हे चित्रगृह १९३८ साली उघडले. तेव्हा नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यात होते. शिआवक्स कवासजी कंबाटा यांनी ते उभारले, आराखडा सोहराबजी भेदवार यांचा. दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर पंख पसरून बसलेली ही इमारत. आग्र्याचा लाल दगड, मलईच्या रंगाच्या भिंती आणि माथ्यावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेला मनोरा. आत काळापांढरा संगमरवर. खुर्च्या एक हजार दोनशे चार!

हा जमाना निऑनच्या दिव्यांचा. निऑन वायूचा शोध लागला १८९८ साली, आणि १९१० साली पॅरिसच्या प्रदर्शनात जॉर्ज क्लोद यांनी त्याच्या नळ्या पेटवून दाखवल्या. काचेची नळी आचेवर हाताने वाकवून अक्षर करायचे, हवा काढून वायू भरायचा आणि हजारो व्होल्टचा दाब द्यायचा, की नारिंगी-तांबडा उजेड पडतो. सिनेमाला असा दिवा मिळाला आणि थिएटरचे नाव रात्रीही दुरून वाचता येऊ लागले.

आमच्याकडचा उजेड मात्र आत असे. माझे मामा लातूरच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. त्यांच्या यंत्रात कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर जळत. जळता जळता त्या आखूड होत, म्हणून सारख्या जवळ सरकवाव्या लागत. जरा डोळा लागला, की पडदा काळवंडे आणि पुढच्या बाकांवरून शिट्ट्यांचा पाऊस पडे! मामांची ती टॉकीज आता राहिली नाही.

इरॉसवरही २०१७ साली पडदा पडला. त्यानंतरच्या वर्षी, २०१८ मध्ये, मुंबईतल्या या शैलीच्या इमारती जागतिक वारसा ठरल्या आणि त्यांत इरॉसही आले. पुढे डागडुजी झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथे आयमॅक्सच्या भव्य पडद्यावर पुन्हा खेळ सुरू झाले. देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो असता मी मुद्दाम ते पाहून आलो. मनोरा, दगड, संगमरवर पाहून जीव सुखावला. लातूरला येऊन मामांना सारे सांगितले. त्यांनी एकच विचारले, "खुर्च्या किती हायेत?"

"तीनशेच्या आसपास."

"मग बाकीचे नऊशे लोक कुठं गेले रे?"

या प्रश्नावर मी निरुत्तर झालो. मोठ्या दालनाचा खर्च तिकिटांतून निघत नाही, हे मलाही कळते. खुर्च्या कमी झाल्या म्हणून इमारत तरी वाचली. परंतु हमाल, मास्तर आणि अडत्या एकाच विनोदाला एकदम हसत, ती सोय खुर्च्यांबरोबर गेली, हेही खरे.

मुंबईचेच रॉयल ऑपेरा हाउस १९९३ पासून बंद होते. २०१६ साली ते दुरुस्त होऊन उघडले आणि तिथे गाण्याचे, नाटकांचे कार्यक्रम होऊ लागले. नांदेड-लातूरकडे ज्या जुन्या टॉकीज अजून उभ्या असतील, त्यांनाही हा मार्ग मोकळा आहे. रात्री सिनेमा, दिवसा नाटक, शाळांची संमेलने, व्याख्याने! मालक, नगरपालिका आणि नाट्यवेड्या मंडळींनी एकदा एकत्र बसावे. दालन मात्र अखंड ठेवावे, मधे भिंती घालू नयेत. मामांचे नऊशे लोक अजून गावातच आहेत. त्यांना बसायला जागा तेवढी हवी.