खिडकी केवढी, उघडते किती?

पश्चिम रेल्वेवर पालघर आणि बोईसर यांच्यामध्ये उमरोळी हे स्थानक आहे. या पट्ट्यातील जुनी घरे कुडाची किंवा कौलारू असत. कारवीच्या कुडातून आणि कौलांच्या फटींतून हवा आपोआप ये-जा करी. सिमेंटच्या भिंती आणि स्लॅब आल्यावर हवेला वाट मुद्दाम ठेवावी लागते, आणि ती किती ठेवायची याचा नियम लागतो. पण घर बांधणाऱ्याच्या हाती पडलेल्या कागदावर ‘पुरेसे वायुविजन ठेवावे’ एवढेच वाक्य असेल, तर त्याने करायचे काय? पुरेसे म्हणजे किती?

भारतीय मानक ब्यूरोच्या राष्ट्रीय इमारत संहितेत (2016) याचे आकडे आहेत. दारे सोडून खोलीतील उघड्या जागेचे एकूण क्षेत्रफळ उष्ण-कोरड्या हवामानात जमिनीच्या क्षेत्रफळाच्या निदान एक दशांश, तर उष्ण-दमट हवामानात एक षष्ठांश असावे. आपली किनारपट्टी दुसऱ्या गटातली. घाम वाळायला दमट हवेत वारा जास्त लागतो, म्हणून खिडकीही मोठी. ही संहिता मात्र स्वतः कायदा नव्हे. स्थानिक नियमावली तिचा आधार घेईल तेव्हाच ती बंधनकारक होते. बृहन्मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळता महाराष्ट्रात डिसेंबर 2020 पासून एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तेव्हा तपासणी नेमक्या कोणत्या कलमाने होणार, हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न मोजण्याचा, आणि खरी गंमत तिथेच आहे. समजा, खोली 3 मीटर रुंद आणि 3.6 मीटर लांब आहे. क्षेत्रफळ 10.8 चौरस मीटर. त्याचा एक षष्ठांश 1.8. खिडकी 1.5 मीटर रुंद आणि 1.2 मीटर उंच, म्हणजे बरोबर 1.8 चौरस मीटर. कागदावर उत्तीर्ण! पण ती सरकत्या काचांची असेल तर एक काच दुसरीच्या मागे जाते आणि उघडी राहते जेमतेम 0.9 चौरस मीटर. एक षष्ठांश सोडाच, कोरड्या प्रदेशाचा एक दशांशही (1.08) भरत नाही. संहिता म्हणते की खिडकीचा काही भाग कायमचा बंद असेल तर उघडणारा भागच मोजावा. सरकत्या खिडकीत दोन्ही काचा हलतात; कायम बंद अशी एकही नाही. मग मोजायचे काय? शब्दावर बोट ठेवणारा 1.8 म्हणेल, हवेला विचाराल तर ती 0.9 म्हणेल. आमच्या मते हवेचे ऐकावे.

का ऐकावे, हे थोड्या गणिताने दिसते. हीच खोली 2.75 मीटर उंच धरली तर तिच्यात सुमारे 30 घनमीटर हवा मावते. झोपलेला माणूस तासाला ढोबळमानाने 12 लीटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. चौघे दारे-खिडक्या गच्च लावून झोपले तर तासाभरात 48 लीटरची भर पडेल, म्हणजे दर दहा लाख भागांत 1600 भाग. बाहेरच्या हवेत हे प्रमाण सुमारे 420 आहे. भिंतीवरचे वातानुकूलन यंत्र बहुधा आतलीच हवा थंड करून फिरवते, ती बदलत नाही.

खिडकी मोठी असूनही समोर भिंत असेल तर उपयोग थोडा. 1896 च्या प्लेगनंतर, 1898 मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या सुधार ट्रस्टने यासाठी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम वापरला. भिंतीच्या पायथ्यापासून या कोनात वर काढलेली रेषा समोरच्या इमारतीला अडू नये. या कोनाचा स्पर्शक (टॅन) जवळजवळ 2 येतो. म्हणून 22 मीटर उंच इमारतीसमोर 11 मीटर मोकळी जागा हवी. दहावीच्या त्रिकोणमितीला याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही. मुंबईत मानखुर्द-गोवंडीच्या काही पुनर्वसन वसाहतींत इमारतींमधले अंतर अवघे 3 मीटर ठेवले गेले. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा दाट वसाहतींत क्षयरोगाचे प्रमाण मोकळ्या वसाहतीपेक्षा बरेच जास्त आढळले.

न्हाणीघराची गोष्ट याहून तातडीची. गॅसचा गीझर आत बसवला आणि झरोका बंद असला की ज्वालेला ऑक्सिजन कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या 200 पटींहून अधिक घट्ट धरतो. माणूस सावध होण्याआधीच बेशुद्ध पडतो. असा गीझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवावा. तपासणीच्या कागदावर त्याचा उल्लेख असो वा नसो.

संदिग्ध शेरा आला तर वाद तोंडी घालू नये. कोणते कलम, कोणती खोली, किती क्षेत्रफळ हवे, आणि सरकत्या खिडकीचा कोणता भाग धरला, हे चार मुद्दे अर्जात लिहून पोच घ्यावी. सोबत मोजमापांचा नकाशा जोडावा. ही मापे विद्यार्थी टेपने सहज घेऊ शकतील. वर्गातही करून पाहता येईल: एका खिडकीशी उदबत्ती लावा, आधी समोरची खिडकी बंद ठेवून आणि मग उघडून धूर पाहा. किनाऱ्याजवळच्या शाळांनी हाच प्रयोग सकाळी सातला आणि दुपारी तीनला करावा, आणि धुराची दिशा वहीत नोंदवावी.