पहिल्या धारेची असली तरी

मार्च-एप्रिलमध्ये आदिलाबाद जिल्ह्यात मोह गळू लागतो. पहाटे वेचलेल्या फुलांचे उटनूरकडे बाया लाडू करतात. तीच फुलं सडवून भट्टी लावली की दारू. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर एक समज पक्का आहे: पहिल्या धारेची मोहाची शुद्ध असते, ती बाधत नाही. पण यकृतापर्यंत पोचतं ते इथेनॉल, म्हणजे अल्कोहोलच, मग ते मोहाचं असो, गुळाचं असो की दुकानातलं.

दुकानातल्या ४२.८ टक्क्यांच्या क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलीत, सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच निपटतं. रात्री नऊला संपवलेल्या क्वार्टरसाठी यकृत पहाटेपर्यंत राबतं. या कामात आधी तयार होतं ॲसिटाल्डिहाइड, पेशींतल्या प्रथिनांना चिकटणारं जहाल रसायन. चरबी जाळण्याचं काम मागे पडतं आणि ती यकृतातच साठते. रोज भरपूर पिणाऱ्या दहांतल्या जवळपास नऊ जणांचं यकृत असं चरबीनं भरलेलं असतं, आणि त्यांना काही दुखत-खुपत नाही. या टप्प्यावर दारू सुटली, तर बहुतेकांची ही चरबी काही आठवड्यांत उतरते.

नाही सुटली, तर काहींच्या यकृताला सूज येते. सततच्या इजेमुळे तिथल्या काही पेशी कोलॅजेनचे धागे विणू लागतात. मऊ यकृत वर्षानुवर्षं निबर, गाठाळ होत जातं, हाच सिरोसिस. आतड्यांकडून येणारं रक्त तिथं तुंबतं. पोटात पाणी होतं, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होते.

‘खाऊन-पिऊन घेतो, मला काय होतंय?’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. न्यूयॉर्कमध्ये संशोधक चार्ल्स लीबर यांनी बबून माकडांना सकस आहारासोबत अल्कोहोल दिलं. १९७४ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की तरीही सिरोसिस होतो. आहार नीट नसेल तर हाल वाढतात, पण चांगल्या जेवणानं दारूचा घाव चुकत नाही.

पिणाऱ्याचे डोळे पिवळे झाले, की झाडपाल्याच्या औषधासाठी धावाधाव होते. त्यात जाणारे दिवस फार मोलाचे असतात. तेव्हा गाठायचं ते रुग्णालय. आणि रोज पिणाऱ्यानं घरच्यांच्या शपथेवर एका रात्रीत दारू तोडू नये: हात कापणं, भास होणं, झटके येणं यांतून जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीत, गोळ्यांच्या आधारानं दारू सोडण्याचे हेच दिवस सुखरूप पार पडतात.