चाचणी, संमती आणि अंतर

दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर या सरकारी वसाहतीपासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था फारशी दूर नाही. संस्थेबाहेरच्या पदपथांवर परप्रांतांतून आलेले रुग्ण आणि त्यांचे आप्त रात्र काढताना दिसतात. कर्करोगावरील नव्या उपचारांच्या चाचण्या प्रामुख्याने अशा मोठ्या रुग्णालयांतच होतात. वारंवार फेऱ्या घालणे ज्याला परवडते, तोच अशा चाचणीत टिकतो. परिणामी, खेड्यातील गरिबाला नव्या उपचाराचा लाभ मिळत नाही, आणि त्याच्या परिस्थितीत तो उपचार कितपत उपयोगी पडेल, हेही शास्त्राला कळत नाही.

हे अंतर उलट दिशेने कापता येते, म्हणजे चाचणीच खेड्याकडे जाऊ शकते, हे महाराष्ट्रात सिद्ध झाले आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. पुढे १९९९ मध्ये बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी एक चाचणी हाती घेतली. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया तीत होत्या. गावांचे ५२ समूह करून त्यांची यदृच्छेने चार गटांत विभागणी करण्यात आली. तीन गटांना अनुक्रमे विषाणूचा शोध, पेशींची तपासणी आणि सौम्य आम्ल लावून केलेले निरीक्षण या पद्धती एकेकदा देऊ करण्यात आल्या. चौथा गट तुलनेसाठी होता.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणू-तपासणीच्या गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या रोगाने दगावल्या. तुलनागटातील ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४. उरलेल्या दोन पद्धतींनी मृत्यूंत लक्षणीय घट झाली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्राथमिक तपासणीसाठी विषाणू-तपासणीलाच पसंती दिली. मराठवाड्यातील शेतकरी स्त्रियांकडून मिळालेले ज्ञान अशा रीतीने जगाच्या उपयोगी पडले.

तथापि त्या ६४ मृत्यूंपाशी थांबणे भाग आहे. तुलनागटाला तपासणीविना ठेवणे न्याय्य होते काय, असा आक्षेप पुढे घेतला गेला. त्या काळी तेथील स्त्रियांना एरवीही तपासणी उपलब्ध नव्हती, हे त्यावरील उत्तर. उत्तर वस्तुस्थितीला धरून आहे. पण ज्या अभावामुळे चाचणीची निकड भासली, तोच अभाव येथे चाचणीचे समर्थनही ठरतो, ही अस्वस्थ करणारी गोष्ट आहे.

याच ठिकाणी प्रश्न भाषेचा होतो. मराठीत ‘चाचणी’ म्हणजे रक्ताची तपासणीही आणि उपचाराचा प्रयोगही. ‘तुमची चाचणी करायची आहे’ असे ऐकणारी स्त्री आपल्या प्रकृतीची काळजी घेतली जात आहे असे समजते. आपल्या सहभागातून एका प्रश्नाचे उत्तर शोधले जाणार आहे, हे तिच्या ध्यानी येतेच असे नाही. ‘यादृच्छिक विभागणी’ हा शब्दप्रयोग तिला परका आहे. ‘चिठ्ठ्या टाकून ठरवणार’ हे मात्र ती तत्काळ ओळखते, आणि चिठ्ठी आपल्या बाजूने पडणार नाही, अशी शक्यताही तिला उमगते. नवीन औषधे व चिकित्सीय चाचण्यांविषयीच्या २०१९ च्या नियमांनुसार सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत माहिती देणे आवश्यक आहे, आणि तिला वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदारही हवा. परंतु इंग्रजी मजकुराचे शब्दशः भाषांतर करून नियम पाळला गेला, तरी अर्थ पोचतोच असे नाही.

म्हणून वंचित समाजापर्यंत चाचण्या नेणे म्हणजे केवळ केंद्रांची संख्या वाढवणे नव्हे. प्रवासखर्च, बुडालेली मजुरी आणि पुढील उपचारांची हमी यांची तरतूद हवी. त्याचबरोबर आपल्या बोलीत प्रश्न विचारण्याचा, नकार देण्याचा आणि शेवटी निष्कर्ष ऐकण्याचा अधिकारही हवा. अंगठा उठवणाऱ्या स्त्रीला आपण कशाला होकार दिला, हे दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगता आले, तरच ती संमती खरी.