रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणजे काय?

आमच्या विहारात सिकलसेल तपासणीचं शिबिर होतं. एक ताई हातात कागद घेऊन हसतच आमच्याकडे आल्या. "पॉझिटिव्ह आलंय मॅडम. म्हणजे चांगलंच ना?" शेजारी त्यांच्या सासूबाई उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरलेला. त्यांनी हा शब्द करोनात ऐकला होता. कागद एकच, शब्द एकच. सून एक अर्थ घेते, सासू दुसरा. आणि दोघींचाही बरोबर नाही.

हा शब्द मूळचा लॅटिन. ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे, मांडणे. पोझिशन, डिपॉझिट, इतकंच काय आपलं पोस्टही तिथूनच आलं. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे मांडलेलं, ठरवून दिलेलं. १४व्या शतकात तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा कायद्याच्या भाषेत वापरत: माणसांनी ठरवलेला नियम, निसर्गाचा नव्हे. (त्या जुन्या अर्थाने जात ‘पॉझिटिव्ह’च म्हणायची!) पुढे त्याचा अर्थ ‘नक्की, शंका नाही’ असा झाला. ‘चांगलं, आशादायक’ हा अर्थ फार अलीकडचा, गेल्या शंभरेक वर्षांतला. आज भाषणांत आणि मोबाइलवर तोच जास्त ऐकू येतो, म्हणून घोटाळा होतो.

प्रयोगशाळेचा अर्थ जुन्या अर्थाजवळचा आहे: जे शोधत होतो ते नक्की सापडलं. निगेटिव्ह म्हणजे सापडलं नाही. एवढंच. शोधत काय होतो, ते आधी वाचायचं. गरोदरपणाच्या पट्टीवर पॉझिटिव्ह म्हणजे दिवस राहिले. थुंकीच्या तपासणीत पॉझिटिव्ह म्हणजे टीबीचे जंतू दिसले. रक्तगटात तर आजाराचा संबंधच नाही. ‘ओ पॉझिटिव्ह’ म्हणजे तांबड्या पेशींवर आरएच नावाचा घटक आहे. मात्र आईचा गट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत आईला अँटी-डीचं इंजेक्शन लागतं, नाहीतर पुढच्या बाळाला धोका. ते विचारून घ्यायला लाजू नका.

आता सिकलसेल. विदर्भात आदिवासी आणि आपल्या बौद्ध समाजात हा आजार बराच आढळतो. शिबिरात होते ती पहिली चाचणी. ती पॉझिटिव्ह आली तर रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे, एवढंच कळतं. माणूस वाहक आहे की आजारी, ते ती सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी तपासणी लागते. त्यात ‘एएस’ आलं तर वाहक: एका पालकाकडून आलेला गुण, औषध नको, कामधंदा नेहमीसारखा. ‘एसएस’ आलं तर आजार: सांधे दुखणं, रक्त कमी होणं, वारंवार ताप. त्याला कायमचे उपचार लागतात. नवरा-बायको दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक.

या पहिल्या कागदावरून आमच्या डोळ्यांदेखत सोयरिकी मोडल्या आहेत. मुलीच्या ‘रक्तात खोट’ आहे म्हणे. मुलाची तपासणी कोणी मागितली नाही. आणि खोट कसली? ज्या प्रदेशांत मलेरियाने माणसं मरत होती, तिथे हा एक गुण असलेली मुलं जास्त जगली, म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला. मागच्या जन्मीचं पाप वगैरे सांगणारे अजून भेटतात. बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या त्या घरांतसुद्धा.

त्या ताईंची दुसरी तपासणी एएस आली. त्या तीन महिन्यांच्या गरोदर आहेत. नवऱ्याची तपासणी अजून बाकी आहे. "मला काय झालंय?" म्हणतात. येत्या रविवारी वंदनेनंतर आम्ही त्यांच्या घरी जाणार आहोत, सासूबाईंनीच बोलावलंय.