कुत्र्याचा कोंडा: तेल चोळण्याआधी कारण शोधा

काळ्या लॅब्राडॉरच्या पाठीवर पांढरा भुगा दिसला की शेजारपाजारचं निदान ठरलेलं असतं: थंडीनं कातडी कोरडी पडलीय, खोबरेल चोळा. कोरड्या हवेत किंवा दिवसभर एसीत राहणाऱ्या कुत्र्याची कातडी थोडीफार सुकते, हे खरं आहे. पण कोंडा हा स्वतः आजार नसतो. कातडीच्या पेशी नेहमीपेक्षा भराभर झडताहेत, एवढंच तो सांगतो. त्या का झडताहेत, हा प्रश्न तेल चोळून सुटत नाही, उलट कारण झाकलं जातं आणि कुत्रं महिनोन्‌महिने खाजवत राहतं.

खोबरेलाबद्दलचा समज फार पक्का आहे. कातडीतला ओलावा आत धरून ठेवायला कुत्र्याला लिनोलेइक आम्ल हे स्निग्धाम्ल लागतं आणि ते अन्नातूनच मिळावं लागतं. खोबरेलात ते जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास असतं. सूर्यफुलाच्या तेलात ते भरपूर असतं, तर माशाच्या तेलातली ओमेगा-३ आम्लं कातडीचा दाह कमी करतात. ही तेलं पोटातून जाऊन उपयोगी पडतात, तीही वजनानुसार डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात, आणि फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. पाठीवर चोळलेलं तेल कुत्रं चाटून टाकतं, उरलेल्यावर धूळ बसते. कोंडा तेलकट असेल आणि अंगाला आंबूस वास येत असेल, तर मॅलॅसेझिया नावाच्या बुरशीची शंका घ्यावी. तिथे तेल चोळलं तर मेणचटपणा वाढतोच.

‘आपल्याला चालतो तो शाम्पू त्यालाही चालेल’ हा दुसरा समज. माणसाच्या कातडीचा सामू साधारण ५.५, म्हणजे आम्लधर्मी असतो. कुत्र्याचा बहुधा ६.२ ते ७.४ च्या दरम्यान. शिवाय त्याच्या कातडीच्या बाहेरच्या थरात पेशींचे तीन ते पाच पापुद्रे असतात, माणसात दहा-पंधरा. केसांच्या झुपक्यामुळे ती जाड वाटते, पण तशी ती नसते. म्हणून कपड्यांचा साबण, फिनाईल, फरशीचं जंतुनाशक हे काहीही त्याच्या अंगाला लावू नये. साध्या आंघोळीला तीन-चार आठवड्यांतून एकदा कोमट पाणी आणि कुत्र्यांचा सौम्य शाम्पू पुरतो. फेस मात्र पोटाखालून, काखेतून, शेपटीच्या मुळाशी पूर्ण निघाला पाहिजे. औषधी शाम्पूचं गणित वेगळं आहे. तो डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आठवड्यातून एकदा-दोनदाही वापरावा लागतो आणि लावल्यावर घड्याळ लावून दहा मिनिटं अंगावर ठेवावा लागतो. लावला आणि लगेच धुतला, तर औषध बादलीतच जातं.

आता ताटाकडे येऊ, कारण आपल्याकडे मोठी चूक तिथेच होते. ‘आमचा घरचंच खातो, पोळी-दूध’ हे लोक अभिमानानं सांगतात. कुत्र्यानं रोज घेतलेल्या प्रथिनांचा मोठा वाटा, पाव हिश्श्याहूनही जास्त, कातडी आणि केसांच्या कामी जातो. पोळी, भाकरी, भात यांत ती प्रथिनं पुरेशी नसतात. त्याहून कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे जस्त. धान्यातलं फायटिक आम्ल जस्ताला धरून ठेवतं आणि ते आतड्यात शोषलं जात नाही. पिल्लू लवकर मोठं व्हावं म्हणून मनानंच कॅल्शियमची पावडर सुरू केली, तर जस्ताचं शोषण आणखी घटतं. मग डोळ्यांभोवती, तोंडाच्या कडांना, कोपरांवर जाड खपल्या धरतात आणि तळपाय कडक होतात. हस्कीसारख्या काही जातींत जस्त शोषण्यातला दोष जन्मजातच असतो. त्यांना पोट भरून चांगलं खायला घातलं तरी हा त्रास होऊ शकतो. अशा वेळी अंडी, मांस किंवा चांगलं तयार खाद्य आणि गरज असेल तर डॉक्टरांनी ठरवलेलं जस्त हाच उपाय आहे. जस्त मनानं देऊ नये, जास्त झालं तर ते विषारी ठरतं.

‘कोंडा आहे, किडा दिसत नाही, म्हणजे किडा नाही’ हेही खरं नाही. कायलेटिएला नावाचा माइट अर्ध्या मिलिमीटरहून लहान असतो आणि कोंड्याच्या कणांखालून फिरतो. त्यामुळे कोंडाच चालतोय असं वाटतं. उवांची बारीक दातांची फणी घ्या, कुत्र्याच्या पाठीवरून शेपटीकडे विंचरा आणि निघालेला भुगा काळ्या कागदावर झटका. भिंगातून दोन-तीन मिनिटं स्थिर नजरेनं पाहा. एखादा पांढरा कण आपणहून सरकला, तर उत्तर मिळालं. हा माइट माणसालाही चावतो. कुत्र्याला मांडीवर घेणाऱ्यांच्या हातांवर, पोटावर खाजरे लाल पुरळ उठले असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांवर एकाच वेळी उपचार करावे लागतात, अंथरूणही धुवावं लागतं. कुत्र्याच्या अंगाबाहेरही मादी दहाएक दिवस जगू शकते. त्याच फणीत काळे बारीक दाणे आले, तर ओल्या पांढऱ्या कापसावर दाबा. लालसर डाग उमटला की ती पिसवांची घाण समजावी.

लूत लागलेल्या कुत्र्याला गॅरेजमधलं जळकं ऑइल फासण्याची पद्धत अजून चालू आहे, आणि ती थांबायलाच हवी. ते ऑइल कातडी भाजतं आणि चाटल्यावर पोटात जातं. तसंच औषधाच्या दुकानातून ‘लुतीचं इंजेक्शन’ आणून घरी देणंही धोक्याचं आहे. त्यात बहुधा आयव्हरमेक्टिन असतं. कोली आणि तिच्या नात्यातल्या जातींमध्ये एमडीआर-१ या जनुकातला दोष आढळतो. तो असलेल्या कुत्र्याच्या मेंदूत हे औषध शिरतं आणि जीवही जाऊ शकतो. हा दोष २००१ मध्ये शोधला गेला. आता त्याची तपासणी करता येते आणि सुरक्षित पर्यायी औषधंही आहेत.

मध्यम वयाचं कुत्रं सुस्त झालं, खाणं तेवढंच असून वजन वाढलं, दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ झाले आणि तरी खाज नसली, तर थायरॉईडसाठी रक्त तपासावं. पाणी पिणं वाढून पोट सुटलं असेल तर कुशिंग रोगाचा विचार करावा लागतो.

डॉक्टरांकडे नेण्याच्या दोन-तीन दिवस आधी कुत्र्याला आंघोळ घालू नका. स्वच्छ करून न्यावं असं वाटणं स्वाभाविक आहे, पण कातडी खरवडून किंवा चिकटपट्टीवर घेतलेल्या नमुन्यात जे सापडायला हवं, तेच धुऊन जातं. जाताना तो काळा कागद घडी करून पाकिटात घ्या, आणि रोज काय काय खायला देता ते, बिस्किटांसकट, लिहून न्या.