छाटलेला षड्ज

डिप्लोमाला ‘क्लिपर-क्लॅम्पर’चं प्रॅक्टिकल केलेल्या कुणालाही विचारा, त्याला आठवतो तो आलेखाचा कागद. सीआरओच्या, म्हणजे ऑसिलोस्कोपच्या, पडद्यावर गोल माथ्याची साइन वेव्ह यायची, डायोड लावला की तिचा माथा सपाट व्हायचा. तेवढं पेन्सिलीनं कागदावर उतरवायचं आणि जर्नलवर सही घ्यायची. मीही तेच केलं. बऱ्याच वर्षांनी तेच सर्किट अ‍ॅम्प्लिफायरला जोडून ऐकलं, तेव्हा कळलं की हा प्रयोग आम्ही अर्धाच केला होता. तो कानांनी करायचा राहून गेला होता.

सामान अगदी थोडं लागतं. १० किलोओहमचा एक रेझिस्टर आणि १एन४१४८ जातीचे दोन डायोड. तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान, नारिंगी काचेचा, एका टोकाला काळा पट्टा असलेला हा डायोड पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही दुकानात मिळतो. सिग्नल रेझिस्टरमधून आणायचा आणि पुढे त्याच्या व ग्राउंडच्या मध्ये दोन्ही डायोड एकमेकांच्या उलट तोंडानं बसवायचे. आता ५ व्होल्ट उंचीची लाट सोडली, तरी बाहेर पडते ती ०.६ व्होल्टच्या आसपास अडलेली. उरलेले ४.४ व्होल्ट रेझिस्टरवर पडतात. रेझिस्टर हा या सर्किटचा निम्मा जीव आहे. तो विसरलात आणि सोर्स दणकट असला, तर डायोडच जळतो.

पुस्तकातल्या आकृतीत हा काप सुरीनं कापल्यासारखा सरळ दाखवतात. खरा काप तसा नसतो. ०.४ व्होल्टला या डायोडमधून जेमतेम काही मायक्रोअँपिअर वाहतात. पुढच्या प्रत्येक ०.१ व्होल्टला प्रवाह साधारण दसपट होत जातो. त्यामुळे लाट माथ्याकडे चढताना आधी जराशी दबते, मग अधिक दबते, मग अडते. कोपरा गोलसर राहतो. जर्मेनियमचा डायोड याहून लवकर, ०.३ व्होल्टच्या सुमारास अडवतो आणि त्याचा कोपरा आणखी मऊ असतो. लाल एलईडी लावला तर लाटेला १.६ ते १.८ व्होल्टपर्यंत मोकळीक मिळते.

आता कान लावा. २४० हर्ट्झचा षड्ज सोडला, तर डायोड नसताना तो शिट्टीसारखा सपक वाटतो. डायोड जोडताक्षणी त्याला धार येते. लाटेचा माथा कापून आपण काही काढून टाकलं, असं वाटतं; प्रत्यक्षात सुरांची भर पडलेली असते. दोन्ही बाजूंनी सारखी छाटलेली लाट मूळ कंपनांच्या तिप्पट, पाचपट, सातपट स्वर घेऊन येते. तिप्पट म्हणजे ७२० हर्ट्झ, तार सप्तकातला पंचम. पाचपट म्हणजे १२०० हर्ट्झ, त्याच्याही वरच्या सप्तकातला गंधार. सातपट १६८० हर्ट्झ मात्र धैवत आणि कोमल निषादाच्या मध्ये कुठेतरी बसतो, आपल्या बारा स्वरांत त्याला घर नाही. चांगल्या जुळलेल्या तानपुऱ्यातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, त्याच्याच कुळातला हा पाचवा स्वर इथे दोन काचेच्या दाण्यांतून निघतो.

रॉक संगीताच्या गिटारचा खरखरीत आवाज अशा सर्किटांवर उभा आहे. १९७९ मध्ये जपानमध्ये तयार झालेल्या ‘ट्यूब स्क्रीमर’ या पेडलमध्ये सिलिकॉनचे दोन डायोड उलटसुलट बसवलेले आहेत, पण ग्राउंडला नाही, तर ऑप-अँपच्या फीडबॅकच्या वाटेवर. त्यामुळे मूळ लाट तळाशी शाबूत राहते आणि आवाज फाटला तरी भरीव वाटतो. त्याच्या दोन वर्षं आधीच्या ‘बॉस ओडी-१’ मध्ये एका बाजूला एक डायोड आणि दुसऱ्या बाजूला दोन होते. छाटणी असमान झाली की दुप्पट, चौपट स्वरही उमटतात, म्हणजे वरचे षड्ज.

मला सगळ्यात जास्त मोह पडतो तो दोन स्वर एकत्र सोडण्याचा. षड्ज २४० आणि पंचम ३६० मिळून क्लिपरमध्ये शिरले की २४० ची दुप्पट वजा ३६०, म्हणजे १२० हर्ट्झ, असा मंद्र षड्ज कुणीही न वाजवता उमटतो. ३६० ची दुप्पट वजा २४०, म्हणजे ४८०, तार षड्ज. रॉकवाले खरखरीत आवाजात नुसती सा-प जोडी का वाजवतात, ते इथे उलगडतं. त्यात गिटारचा गंधार घातला की बिघडतं. पडद्यांच्या समान वाटणीमुळे तो ३०० वर न बसता ३०२.४ वर बसतो. मग गंधार आणि पंचमाच्या अशाच वजाबाकीतून २४५ च्या आसपास एक स्वर तयार होतो आणि खऱ्या षड्जाला खेटून सेकंदाला पाचेक वेळा घरघरतो.

क्लिपरचं दुसरं काम रखवालदाराचं. रेडिओच्या रिसीव्हरला विजेच्या कडकडाटापासून, मल्टिमीटरच्या नाजूक काट्याला जादा दाबापासून आणि मोबाइलमधल्या चिपच्या पिनांना बोटावरच्या स्थिर विजेपासून हीच युक्ती वाचवते.

तानपुऱ्याकडे मात्र परत यायला हवं. त्याच्या रुंद, किंचित उतरत्या घोडीवर तार वर मोकळी उठते, खाली येताना मात्र घोडीला घासते. तिलाही एका बाजूनं अडसर आहे. १९२१ मध्ये सी. व्ही. रामन यांनी तानपुरा आणि वीणेच्या घोडीवर लेख लिहून दाखवलं, की तार ज्या जागी छेडली तिथे नियमानुसार जे स्वरांश उमटायलाच नकोत, तेही या वाद्यांत ठणठणीत वाजतात. मिरजेचे कारागीर कानशीनं घोडी घासून जवारी काढतात आणि गवई तारेखालचा दोरा केसभर सरकवतो, तेव्हा ते हा अडसरच कमी-जास्त करत असतात.

घरी सर्किट जुळवलंत, तर दोन्ही डायोडचा आवाज नीट कानात बसू द्या. मग त्यातला एक उपसून काढा आणि तार षड्ज कुठे उगवतो ते ऐका.