रताळे धुणारी माकडीण

‘मूल जन्मतःच मंद आहे’ असा शेरा मारून मोकळे होणे सोपे असते. परंतु वर्तनाचा कोणता अंश रक्तातून येतो व कोणता सहवासातून, हे दीर्घ निरीक्षणावाचून ठरत नाही. या दृष्टीने जपानमधील रानमाकडांचा अभ्यास प्रत्येक शिक्षकाने समजून घेण्यासारखा आहे.

जपानच्या मियाझाकी प्रांतात कोशिमा हे लहानसे बेट आहे. क्योतो विद्यापीठाचे किंजी इमानिशी व त्यांचे सहकारी यांनी १९४८ साली तेथील माकडांच्या निरीक्षणास आरंभ केला. माकडे जवळ यावीत म्हणून १९५२ पासून किनाऱ्यावर रताळी ठेवण्यात येऊ लागली. प्रत्येक माकडास नाव दिले गेले आणि कोणाची आई कोण, याची नोंद झाली.

१९५३ साली इमो नावाची दीड वर्षाची मादी वाळूने माखलेले रताळे ओढ्यात धुऊन खाऊ लागली. ही गोष्ट प्रथम लक्षात आली ती सात्सुए मितो या स्थानिक शिक्षिकेच्या. इमोचे अनुकरण प्रथम तिच्या सवंगड्यांनी व आईने केले. १९५८ पर्यंत दोन ते सात वर्षे वयाच्या १९ माकडांपैकी १५ माकडे ही कृती शिकली होती. प्रौढ माकडांपैकी मात्र ११ पैकी दोनच, आणि त्या दोन्ही माद्याच होत्या. पुढे आयांकडून पिलांना ही सवय सहजच लागत गेली.

आता विचार करावा. पाच वर्षांत कळपाचा आनुवंशिक वारसा पालटला नव्हता. पालटली ती सवय. ती पसरली मैत्रीच्या व मातृत्वाच्या वाटेने. प्रौढ नर पिलांच्या मेळ्यापासून बहुधा दूर राहत. म्हणून त्यांना पाहण्याची संधीच थोडी मिळे. त्यांचे न शिकणे हा बुद्धिमांद्याचा पुरावा ठरत नाही.

याचा अर्थ आनुवंशिकता निरर्थक आहे, असा नव्हे. १९३८ साली भारतातून नेलेल्या सुमारे ४०० रीसस माकडांची वसाहत प्वेर्तो रिकोजवळील कायो सांतियागो बेटावर करण्यात आली. त्यांच्या वंशजांच्या वंशावळी व वर्तन यांची सांगड घालून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, माकडांच्या मिळूनमिसळून राहण्याच्या वृत्तीचा काही अंश आनुवंशिक असल्याचे आढळले. काही अंश, सर्व नव्हे.

तात्पर्य, वृत्तीचा काही भाग मूल घरून घेऊन येते. परंतु कृती ते पाहून शिकते. म्हणून मागे पडणाऱ्या मुलाविषयी शेरा लिहिण्यापूर्वी ते कोणाजवळ बसते, कोणाबरोबर खेळते आणि त्याला पाहावयास काय मिळते, याची नोंद शिक्षकाने काही दिवस ठेवावी. कधी कधी बसण्याची जागा बदलून पाहणेही उपयोगी ठरू शकते.